रेघ ओढणे आणि रेघ राखणे

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, लॉस एंजेलिसच्या पूर्वेला सुमारे २०० किलोमीटरवर इंडिओ नावाचे एक शहर आहे. कोआचेला नावाच्या खोऱ्यात ते वसले आहे. हे खोरे इतके सखल आहे की शहराची जमीन समुद्रसपाटीच्याही काही फूट खाली आहे. वर्षभरात पाऊस जेमतेम ७५ ते ८० मिलिमीटर पडतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाणे तिथे नवलाचे नाही. वायव्येला सॅन गॉर्गोनिओ नावाची खिंड आहे. तिच्यातून येणारा वारा नदीपात्रातली वाळू उचलतो आणि खोऱ्यात पसरवतो. खजुराच्या बागा आणि अलीकडच्या काळात संगीत महोत्सव यांसाठी हे शहर ओळखले जाते.

रस्त्याच्या मधोमध आखलेल्या पट्ट्याच्या इतिहासात मात्र इंडिओचे नाव वेगळ्या कारणाने येते. ही कथा बहुधा 'शोध' म्हणून सांगितली जाते. ती 'देखभाल' म्हणूनही वाचून पाहावी, यासाठी हा लेख आहे. रस्त्यावरची रेघ एकदा ओढली की काम संपले, असे होत नाही. ती दर वर्षी, दोन वर्षांनी पुन्हा ओढावी लागते आणि वाळवंटात तर हे फार लवकर लक्षात येते.

डॉक्टरबाई आणि ट्रक

१८७६ मध्ये सदर्न पॅसिफिक कंपनीचा लोहमार्ग या खोऱ्यात आला आणि लॉस एंजेलिस ते युमा या पल्ल्याच्या मध्यावरचे ठाणे म्हणून इंडिओ वाढू लागले. कोरड्या हवेमुळे क्षयरोगी तिथे राहायला येत. १९०४ साली जून नावाच्या एक डॉक्टर आपल्या आजारी पतीला घेऊन अशाच आल्या. पुढे त्यांनी तिथेच व्यवसाय सुरू केला. १९०७ ते १९१६ या काळात सॉल्टन सरोवरापासून पाम स्प्रिंग्जपर्यंतच्या वाळवंटी टापूत नियमित व्यवसाय करणाऱ्या डॉक्टर म्हणून जवळजवळ त्या एकट्याच होत्या. रेल्वेचे कामगार, शेतकरी आणि कहुइया आदिवासींच्या राखीव वस्त्या असा त्यांच्या रुग्णांचा पसारा होता. पहिल्या पतीच्या निधनानंतर त्यांनी १९१६ मध्ये रेल्वेचे स्टेशन एजंट फ्रँक मॅकॅरल यांच्याशी विवाह केला. इतिहासात त्यांचे नाव डॉ. जून मॅकॅरल असे नोंदले गेले आहे.

१९१७ च्या शरद ऋतूत त्या आपल्या फोर्ड मॉडेल-टी गाडीतून घरी परतत होत्या. समोरून एक अवजड ट्रक रस्त्याच्या मधूनच आला. अमेरिकेत वाहने उजव्या बाजूने चालतात. डॉक्टरबाईंनी गाडी उजवीकडे वाळूत घातली, म्हणून त्या वाचल्या.

ट्रकचालक मधूनच का येत होता, हे समजून घेण्यासारखे आहे. त्या काळातले पक्के रस्ते जेमतेम १५-१६ फूट रुंद असत. कडेला बांधीव पट्टी नसे, थेट वाळूच असे. वाळूचे कण एकमेकांना चिकटलेले नसल्यामुळे चाकाचा भार पडला की ते बाजूला सरकतात आणि चाक रुतते. त्यामुळे कडेला जाणे म्हणजे रुतण्याची भीती. साहजिकच प्रत्येक चालक मध्य धरून चाले. समोरचे वाहन आले की कोणी किती सरकायचे, हे त्या क्षणी दोघांच्या हिमतीवर ठरे. नियम उजवीकडून चालण्याचा होता खरा, पण 'उजवीकडे' म्हणजे नेमके कुठपासून, हे दाखवणारी खूण रस्त्यावर नव्हती.

डॉक्टरबाईंना उपाय सुचला तो एका अपघाती खुणेवरून. एका ठिकाणी जुना अरुंद रस्ता रुंद केला होता आणि जुन्या-नव्या भागांच्या सांध्यावर उंचवटा राहिला होता. त्या तुकड्यावर वाहने आपापल्या बाजूने चालतात, असे त्यांनी पाहिले. मग उंचवट्याऐवजी रंगाची रेघ का नसावी? त्यांनी ही कल्पना रिव्हरसाइड परगण्याच्या कारभारी मंडळापुढे आणि व्यापारी मंडळापुढे मांडली. ऐकून घेतले गेले, पण काही घडले नाही. शेवटी त्यांनी स्वतःच पांढरा रंग आणला आणि गावाजवळच्या महामार्गावर मैल-दोन मैलांच्या अंतरात चार इंच, म्हणजे सुमारे दहा सेंटीमीटर रुंदीची रेघ हाताने रंगवली.

पुढची सात वर्षे या गोष्टीत घाईघाईने ओलांडली जातात, पण खरे काम तिथेच झाले. इंडिओच्या महिला मंडळाने हा विषय हाती घेतला. गावाकडून परगण्याच्या आणि तिथून राज्याच्या महिला मंडळांच्या महासंघाकडे तो गेला. ठराव झाले, पत्रे गेली, पाठपुरावा झाला. नोव्हेंबर १९२४ मध्ये कॅलिफोर्निया महामार्ग आयोगाने मध्यरेषेची कल्पना स्वीकारली आणि राज्यात ३,५०० मैल लांबीच्या रेघा रंगवल्या. खर्च आला १,६३,००० डॉलर, म्हणजे मैलाला सुमारे ४७ डॉलर. एका बाईच्या हातातला कुंचला आता सरकारी अंदाजपत्रकातली बाब झाला होता.

पहिला मान कोणाचा?

डॉ. मॅकॅरल या मध्यरेषेच्या जनक, असे सरसकट म्हणता येणार नाही. मिशिगन राज्यातल्या वेन परगण्याचे रस्ते आयुक्त एडवर्ड हाइन्स यांनी १९११ मध्येच ट्रेंटन येथील रिव्हर रोडवर मध्यरेषा रंगवून घेतली होती. गळक्या दूधगाडीतून रस्त्यावर पडलेला पांढरा माग पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. १९१७ साली तर ही रेघ अमेरिकेत किमान तीन ठिकाणी उगवली. मिशिगनच्याच मार्केट परगण्यात केनेथ सॉयर यांनी एका धोकादायक वळणावर ती आखली. ऑरेगन राज्यात पीटर रेक्सफोर्ड या पोलीस अधिकाऱ्याच्या आग्रहाने कोलंबिया नदीकाठच्या महामार्गावर पिवळी रेघ आली. तिसरी रेघ इंडिओची. या मंडळींनी एकमेकांचे पाहून हे केले, असे दिसत नाही.

विज्ञानाच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते. परिस्थिती पिकली की एकच कल्पना अनेक डोक्यांत जवळपास एकाच वेळी येते. इथे परिस्थिती म्हणजे स्वस्त मोटारी, अवजड ट्रक आणि अरुंद पण गुळगुळीत पक्के रस्ते. मातीच्या रस्त्यावर चाकोऱ्याच वाहनांना दिशा देत. रस्ता गुळगुळीत झाला, चाकोऱ्या गेल्या आणि त्यांची जागा घेणाऱ्या खुणेची गरज निर्माण झाली. म्हणून 'पहिले कोण' यापेक्षा 'पुढे काय झाले' हा प्रश्न अधिक उपयोगी आहे. रंगवलेली रेघ वर्षभरात पुसट होते. जिथे कोणीतरी ती पुन्हा पुन्हा रंगवण्याची जबाबदारी घेतली, तिथेच ती टिकली. इंडिओचे वेगळेपण रेघेच्या तारखेत नाही. व्यक्तीची कल्पना यंत्रणेच्या गळ्यात घालण्यात तिथल्या महिला मंडळाला यश आले, हे ते वेगळेपण.

वाळूचे काम

वाळवंटात रस्ता राखणे म्हणजे पहिल्यांदा वाळूशी गाठ. याचे नमुनेदार उदाहरण इंडिओच्या आग्नेयेला, शेजारच्या इंपीरियल परगण्यात पाहायला मिळते. तिथल्या वालुकागिरींमधून मोटारींसाठी वाट हवी होती. १९१५ मध्ये तिथे चक्क लाकडी फळ्यांचा रस्ता टाकला गेला. आधी दोन चाकांसाठी फळ्यांच्या दोन समांतर पट्ट्या होत्या. त्या टिकेनात, तेव्हा १९१६ मध्ये आडव्या फळ्या जोडून आठ फूट रुंदीचे सुटे तुकडे तयार केले गेले. वाळू चढली की खेचरांच्या साहाय्याने ती ओढून काढायची, रस्ता फारच गाडला गेला तर तुकडे उचलून पुन्हा वर मांडायचे. समोरासमोरच्या गाड्यांना एकमेकींना ओलांडता यावे म्हणून मधूनमधून रुंद जागा ठेवल्या होत्या. १९२६ मध्ये उंच भरावावर डांबरी रस्ता झाला, तोपर्यंत हा फळ्यांचा रस्ता असाच चालू राहिला. आज त्याचे काही अवशेष जपून ठेवले आहेत. रस्ता गाडला जाणारच, हे धरूनच त्याचा आराखडा केलेला होता, हे यातले शिकण्यासारखे.

वाळू रस्ता गाडते, तशीच ती तो घासते. हे या खोऱ्यात फार पूर्वी लक्षात आले होते. १८५३ मध्ये रेल्वेमार्गाच्या सर्वेक्षणासाठी आलेल्या विल्यम ब्लेक या भूवैज्ञानिकाने याच खिंडीत वाऱ्याच्या वाळूने घासून गुळगुळीत झालेले आणि खाचा पडलेले कठीण खडक पाहिले आणि त्यांवर निबंध लिहिला. पुढे इंग्लंडच्या राल्फ बॅग्नोल्ड यांनी वाळूच्या हालचालीचे भौतिकी उलगडले. ते सैन्यातले अभियंता होते आणि फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात हिंडलेले होते. त्यांचा ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. वाळूचे बहुतेक कण धुळीसारखे तरंगत नाहीत, ते उड्या मारत जातात. वारा कण उचलतो, पुढे नेतो, कण खाली आपटतो आणि आपटताना आणखी कणांना उडवतो. त्यामुळे वाळूचा मारा जमिनीलगतच सर्वांत जास्त असतो.

रॉबर्ट शार्प यांनी कोआचेला खोऱ्यातच पारदर्शक प्लॅस्टिकच्या दांड्या उभ्या रोवून त्या किती झिजतात ते मोजले. त्यांच्या १९६४ च्या निबंधानुसार सर्वांत जास्त झीज जमिनीपासून सुमारे २३ सेंटीमीटरवर, म्हणजे साधारण एक वीत उंचीवर झाली होती. अगदी तळाशी कण पुष्कळ असतात, पण त्यांचा वेग कमी असतो. फार वर वेग असतो, पण कण थोडे असतात. मधल्या उंचीवर दोन्हींचा मेळ बसतो. माणसाच्या डोक्यावर लावलेला फलक म्हणूनच वाळूपासून बराचसा वाचतो, पण त्याचा खांब बुंध्याशी खरवडला जातो. रस्त्यावरच्या रेघेची अडचण निराळी आहे. तिच्यावर साचलेली वाळू वाहनांची चाके रगडत नेतात. एरवी चाक रंगावरून नुसते जाते, इथे ते सँडपेपर घेऊन जाते. म्हणून वाळवंटी शहरात रस्ता झाडणे हे स्वच्छतेचे काम तर आहेच, रेघेचे आयुष्य वाढवण्याचेही आहे.

उन्हाचे काम

दुसरा शत्रू ऊन. हवा ४५ अंशांवर असताना काळ्या डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग ६५ ते ७० अंशांपर्यंत तापू शकतो. वाळवंटात रात्र झपाट्याने थंड होते, म्हणजे रोजचे प्रसरण-आकुंचन मोठे. शिवाय उष्णतेत डांबरातले हलके तेलकट घटक कमी होतात आणि हवेतला ऑक्सिजन उरलेल्या रेणूंशी संयोग पावतो. काळे लवचीक डांबर करडे आणि ठिसूळ बनते, त्याला भेगा पडतात. वर्षातून एखाद्याच वेळी येणारा मुसळधार पाऊस मग त्या भेगांतून खाली शिरतो आणि रस्त्याचा पाया सैल करतो. रेघ ज्या पाटीवर काढायची ती पाटीच अशी हलती असते. म्हणून भेगा वेळेवर बुजवणे आणि काही वर्षांनी डांबराचा पातळ थर देऊन रस्ता बंद करून घेणे, ही कामे रेघेच्याही आधीची.

फलकांवर उन्हाचा परिणाम रंगातून दिसतो. शिक्षकांना इथे रसायनशास्त्राचा एक चांगला धागा मिळेल. ३०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांच्या एक मोल फोटॉनांची ऊर्जा सुमारे ४०० किलोज्यूल भरते. कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडायला साधारण ३५० किलोज्यूल पुरतात. म्हणजे अतिनील प्रकाशाच्या अंगी रंगद्रव्यांचे कार्बनी रेणू मोडण्याइतके बळ असते. रेणू मोडला की त्याचा रंग जातो. अनेक लाल रंगद्रव्ये या बाबतीत नाजूक ठरतात. जुन्या फलकावरचा लाल रंग गुलाबी होतो आणि शेजारची निळी किंवा काळी अक्षरे मात्र ठळक राहतात, हे आपण नेहमी पाहतो. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड केलेला फलक उत्तराभिमुख फलकापेक्षा जास्त ऊन खातो, तेव्हा एकाच चौकातले, एकाच दिवशी लावलेले दोन फलकही सारखे म्हातारे होत नाहीत.

अमेरिकेतल्या 'थांबा' फलकाचा इतिहास याच अडचणीतून घडला आहे. थांबण्यासाठी लाल रंग ही खूण रेल्वेमुळे रूढ होती, तरीही १९२० च्या दशकापासून तिथला प्रमाण 'थांबा' फलक पिवळा ठेवला गेला. उन्हात टिकणारा लाल रंग फलकांसाठी मिळत नव्हता, हे त्याचे मुख्य कारण. पोलादी पत्र्यावर काचेसारखा थर भाजून बसवण्याची पोर्सिलेन एनॅमलची पद्धत लाल रंगासाठी भरवशाची झाली, तेव्हा १९५४ च्या सुधारित नियमपुस्तिकेत हा फलक लाल झाला. कोणता रंग योग्य, हे लोकांना आधीच ठाऊक होते. तो रंग राखता येईल की नाही, यावर निर्णय तीस वर्षे अडला होता.

अंधारातली रेघ

रेघेची खरी परीक्षा रात्री होते. साध्या रंगावर पडलेला गाडीच्या दिव्याचा प्रकाश चोहीकडे विखुरतो आणि चालकाच्या डोळ्यांकडे त्याचा अगदी थोडा भाग परततो. यावर उपाय म्हणून ओल्या रंगावर काचेचे बारीक मणी शिंपडतात. त्यांचा व्यास मिलिमीटरच्या काही दशांशांइतका असतो. मण्यात शिरताना प्रकाशाचे अपवर्तन होते, तो मण्याच्या मागच्या बाजूला गोळा होतो, तिथल्या रंगावर आपटतो आणि परत मण्यातूनच बाहेर पडताना बराचसा आल्या वाटेने दिव्याकडे वळतो. चालकाचे डोळे दिव्यांच्या जवळच असल्यामुळे त्याला रेघ उजळलेली दिसते. मणी रंगात अर्ध्यापेक्षा थोडा जास्त, सुमारे ६० टक्के बुडालेला असेल तर परिणाम उत्तम मिळतो. जास्त बुडाला तर प्रकाश आत शिरत नाही, कमी बुडाला तर चाकाखाली उखडून जातो. वाळू या मण्यांना खरवडते, त्यांचा पृष्ठभाग धुरकट करते. म्हणून वाळवंटातली एखादी रेघ दिवसा पांढरीशुभ्र दिसते आणि रात्री जवळजवळ नाहीशी होते. दुपारी गाडीतून फेरी मारून 'पट्टे ठीक आहेत' असा शेरा देणारा माणूस इथे फसतो.

पावसात पाण्याचा पापुद्रा मण्यांना झाकून टाकतो, ही दुसरी अडचण. कॅलिफोर्नियाच्या महामार्ग विभागातले रसायनतज्ज्ञ एल्बर्ट बॉट्स यांनी १९५० च्या दशकात तिच्यावर काम केले. रस्त्याच्या पृष्ठभागापासून थोड्या उंच राहणाऱ्या गोल टिकल्या त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. मुख्य प्रश्न टिकली कशी चिकटवायची हा होता, आणि तो एपॉक्सी गोंदाने सुटला. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियाने, बर्फ पडणारे भाग सोडून, आपल्या द्रुतगती मार्गांवर या टिकल्या सक्तीच्या केल्या. बॉट्स यांचे निधन १९६२ मध्येच झाले होते. २०१७ मध्ये राज्याच्या वाहतूक विभागाने या टिकल्या नव्याने बसवणे थांबवायचे ठरवले. निखळलेल्या टिकल्या बदलण्यासाठी कामगारांना धावत्या वाहतुकीशेजारी उतरावे लागते आणि टिकल्यांपेक्षा टिकाऊ व जाड पट्टे आता उपलब्ध आहेत, हा त्यामागचा विचार होता. एखादे साधन चांगले की वाईट, हे ठरवताना ते दुरुस्त करणाऱ्या माणसाचा जीवही हिशेबात धरावा लागतो.

रेघेच्या काटकसरीचेही गणित आहे. ओलांडण्याची मुभा असलेल्या ठिकाणी अमेरिकेत तुटक रेघ वापरतात. साधारणपणे १० फूट रेघ आणि ३० फूट मोकळी जागा, असे तिचे प्रमाण असते. म्हणजे अखंड रेघेच्या तुलनेत रंग आणि मणी चौथ्या हिश्शाइतके लागतात, आणि हा बचतीचा हिशेब प्रत्येक रंगकामाच्या वेळी पुन्हा लागू होतो.

राखणदारी कोणाची?

कॅलिफोर्नियात राज्याचा महामार्ग आयोग १९११ मध्ये स्थापन झाला, पण दिशाफलक लावण्याचे काम पुढची कित्येक वर्षे मोटारमालकांच्या क्लबांनीच केले. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या ऑटोमोबाइल क्लबने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून स्वखर्चाने एनॅमलचे फलक लावले. वाळवंटात रस्ता चुकणे म्हणजे पाण्यावाचून अडकणे, तेव्हा हे फलक शोभेचे नव्हते. शतकाच्या मध्यापर्यंत ही जबाबदारी टप्प्याटप्प्याने सरकारकडे गेली. इंडिओला नगराचा दर्जा १९३० मध्ये मिळाला आणि गावातले रस्ते नगरपालिकेच्या वाट्याला आले. डॉक्टरबाईंनी रंगवलेला महामार्ग पुढे देशाच्या ९९ क्रमांकाच्या मार्गाचा भाग झाला. द्रुतगती मार्ग गावाबाहेरून गेल्यावर तो गावातला एक मोठा रस्ता, इंडिओ बुलेव्हार, होऊन राहिला.

वाहतूक-खुणांची अमेरिकेची राष्ट्रीय नियमपुस्तिका १९३५ मध्ये निघाली. खूण कशी असावी, कुठे असावी, कोणत्या रंगाची असावी, हे तिच्यात आहे. १९७१ च्या आवृत्तीने समोरासमोरच्या वाहतुकीमधली रेघ पिवळी असावी असे ठरवले, म्हणजे डॉ. मॅकॅरल यांची पांढरी मध्यरेषा आता त्यांच्या गावातही पिवळीच असायला हवी. पण लावलेली खूण किती फिकी होईपर्यंत चालेल, याचा आकडा या पुस्तिकेत फार उशिरा आला. १९९२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायद्याने असा किमान दर्जा ठरवायला सांगितले. फलकांसाठीचा नियम डिसेंबर २००७ मध्ये निघाला. रस्त्यावरच्या पट्ट्यांसाठीचा निघायला ऑगस्ट २०२२ उजाडले. रेघ काढण्याचा निर्णय १९२४ मधला. ती रात्री किमान किती दिसली पाहिजे, हा निर्णय त्यानंतर ९८ वर्षांनी झाला.

हा उशीर निव्वळ आळसाचा नव्हे. आकडा ठरवला की तो मोजावा लागतो, मोजला की कमी भरलेली रेघ रंगवावी लागते, आणि छोट्या नगरपालिकेकडे ना मोजयंत्र असते ना पैसा. कायद्याने बांधून घेतल्यावर एखाद्या अपघातात 'तुमची रेघ दिसत नव्हती' हा दावाही उभा राहू शकतो. म्हणून फलकांच्या नियमात अनेक सोप्या पद्धतींना मान्यता दिली आहे. प्रशिक्षित माणसाने रात्री गाडीतून पाहणी करणे, फलकाच्या पाठीवर लावल्याची तारीख लिहून ठरावीक वर्षांनी तो बदलणे, एका भागातले सगळे फलक एकदम बदलणे, किंवा आवारात काही नमुना फलक उन्हात ठेवून ते फिके पडले की त्यांच्या वयाचे सगळे बदलणे. शेवटची पद्धत म्हणजे शाळेच्या अंगणातही करता येईल असा प्रयोग आहे. पट्ट्यांचा किमान दर्जाही ताशी ३५ मैल किंवा त्याहून अधिक वेगमर्यादेच्या रस्त्यांनाच लागू आहे. गावातल्या संथ गल्ल्या त्यातून सुटतात. तिथली रेघ राखणे अजूनही त्या गावाच्या सद्बुद्धीवर आणि तिजोरीवरच आहे.

डॉ. मॅकॅरल १९५४ मध्ये वारल्या. २००२ मध्ये इंडिओजवळच्या द्रुतगती मार्गाच्या एका तुकड्याला त्यांचे नाव देण्यात आले. ते योग्यच झाले. त्यांच्या रेघेवर पुढची शंभर वर्षे पुन्हा पुन्हा रंग चढवणाऱ्यांची नावे मात्र कुठल्या फलकावर नाहीत, आणि वेगाने जाणाऱ्या प्रवाशाचा जीव रोज त्यांच्याच कामावर अवलंबून असतो.

आपल्याकडे

भारतात या विषयाची सुरुवात एका मराठी नावाशी जोडलेली आहे. १९२७ मध्ये केंद्र सरकारने रस्तेविकासासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर. हेच पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीच्या शिफारशीनुसार १९२९ मध्ये पेट्रोलवर जादा कर बसवून रस्ते निधी उभारला गेला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. रस्त्यावरच्या पट्ट्यांविषयीची या संस्थेची संहिता प्रथम १९७० मध्ये निघाली आणि नंतर १९९७ व २०१५ मध्ये सुधारली गेली. थरच्या वाळवंटात रस्त्यावर चढलेली वाळू हटवणे हे तिथल्या रस्ते विभागांचे नेहमीचे काम आहे. तिथल्या आणि इंडिओच्या वाळूचे भौतिकी एकच. महाराष्ट्रात वाळवंट नाही, पण कडक ऊन, धूळ आणि चार महिन्यांचा पाऊस मिळून तितकेच काम करतात.

वर्गात हा विषय घ्यायचा असेल तर शाळेसमोरचाच रस्ता पुरेसा आहे. 'पुढे शाळा आहे' असा फलक जवळपास असेल तर मुलांना त्याच्या कडा, पाठ आणि खांबाचा बुंधा पाहायला सांगावे. कोणता रंग उडाला, फलकाचे तोंड कोणत्या दिशेला आहे, याची नोंद करावी. संध्याकाळी अंधार पडल्यावर, मोठ्या माणसांच्या सोबतीने आणि रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभे राहून, बॅटरी आधी डोळ्याजवळ आणि मग हात लांब करून फलकावर रोखावी. पहिल्या वेळी फलक उजळेल, दुसऱ्या वेळी मंद दिसेल. दोन्ही वेळी तो सारखाच मंद दिसला, तर त्याचे आयुष्य संपले आहे. मग तारखेसह निरीक्षणे लिहून ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला मुलांच्या सहीचे पत्र पाठवावे. उत्तर लवकर येईलच असे नाही. इंडिओच्या महिला मंडळालाही सात वर्षे लागली होती.